अळणी आमटी

एकदा एका वृद्ध आचार्यांनी डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा मांडली. तिथे छडी नव्हती, आणि शाळेचे सारे नियम मुलेच ठरवीत. दर गुरुवारी सकाळची आरती झाली की सभा भरे. ज्याला ठराव मान्य असेल त्याने परातीत तुळशीचे एक पान ठेवायचे. चिमुरड्याचेही एकच पान, आचार्यांचेही एकच.

सभेची व्यवस्था आचार्यांचा पट्टशिष्य पाही. त्याने भक्तिभावाने एक प्रथा पाडली होती: पहिले पान आचार्यांचे. तेव्हापासून प्रत्येक ठराव एकमुखाने संमत होई, आणि भरलेली परात पाहून शिष्याचा ऊर भरून येई.

एका गुरुवारी आचार्य म्हणाले, "उद्यापासून स्वयंपाकात मीठ नको." त्यांनी पान ठेवले. क्षणात परात भरली. 'गुरुदेवांना आमच्याकडून रसनाजय साधून घ्यायचा असेल,' असे मनाशी म्हणत शिष्यानेही आपले पान ठेवले.

आठव्या दिवशी एक व्यापारी आपल्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आला. "महाराज, तीन शाळांनी हिला परत पाठवली. फार तोंडाळ आहे. तुम्हीही नाही म्हणालात, तर आता घरीच बसवतो."

पंगत बसली. पहिल्याच घासाला मुलगी म्हणाली, "अगंबाई! आमटीत मीठच नाही!"

"आल्या आल्या सुरू झालीस?" बापाने डोळे वटारले.

शिष्य संयमाने म्हणाला, "बाळ, हा सर्वांच्या संमतीचा ठराव आहे."

"म्हणजे इथे सगळ्यांना अळणी आवडतं?"

पंगतीतला एक मुलगा मान खाली घालून पुटपुटला, "मुळीच नाही. पण आचार्य आजोबांनी पान ठेवलं ना!"

ही पोर इथली एकवाक्यता मोडणार, हे शिष्याने ओळखले. तो व्यापाऱ्याला नकार सांगणार, इतक्यात आचार्य उठले. त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली आणि पहिली चिमूट त्या मुलीच्या पत्रावळीवर वाढली.

शिष्य गोंधळला. "गुरुदेव, मग तो ठराव मांडलात तरी कशाला?"

"कोणीतरी मीठ मागेल म्हणून आठ दिवस वाट पाहत होतो, बाबा. छडी मी हातातून टाकली, पण माझे पहिले पान हीच मुलांची छडी झाली. तू ते आदराने मागितलेस, मीही सुखाने देत गेलो. जिभेला अळणी लागत असताना हात मुकाट्याने पान ठेवतो, त्याला संमती कसे म्हणावे?" मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, लेक इथेच राहू द्या. गरज आम्हाला आहे."

पुढच्या गुरुवारी आचार्यांनी आपले पान मुठीतच धरून ठेवले. दुपारची झोप असावी की नसावी, एवढाच प्रश्न होता. मुले तावातावाने भांडली. नवी मुलगी तर थेट आचार्यांशीच वाद घालीत होती. उन्हे उतरली, तरी परात निम्मीच भरलेली.

शिष्य खिन्न होऊन जवळ आला. "गुरुदेव, आज काहीच ठरलं नाही."

आचार्य परातीकडे पाहत होते. "हो रे," ते म्हणाले, "आज आपली शाळा भरली."