उताराची वाळू

एकदा काय झालं, एक होती नदी. वाकणी तिचं नाव. डोंगरातून धावत यायची, धापा टाकायची आणि एका वळणावर येऊन जरा दम खायची. दम खायला थांबली की हातातलं ओझं खाली ठेवायची. ओझं कसलं? तर वाळूचं. आणि त्या वाळूत, बरं का, चिमूटभर सोनं.

दिगू, पाय पांघरुणात घे. सोनं म्हटल्याबरोबर उठून बसायचं नाही.

तर वाळू साठून साठून त्या वळणावर नदी उथळ झाली होती. घोट्याएवढं पाणी. खुशाल चालत पार व्हावं. अशा जागेला उतार म्हणतात. अलीकडे डोंगर नि रान, पलीकडे भाताची शेतं. पलीकडचा तांदूळ उतारावरून अलीकडे यायचा, अलीकडचा मध नि डिंक पलीकडे जायचा. पोरीसुद्धा जायच्या, नवरी होऊन.

अलीकडे तीन झोपड्या होत्या, सोनझऱ्यांच्या. सोनझरे म्हणजे वाळू धुऊन सोनं काढणारे. लाकडी काठवटीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची, की तळाशी सोन्याचा कण उरतो. दिवसभर कंबर मोडावी तेव्हा गुंजभर मिळायचं. त्यांचे नियम दोनच. धुतलेली वाळू जिथली तिथं टाकायची. आणि उताराच्या वाळूला हात लावायचा नाही. "ती वाळू पायांची," असं म्हणायचे ते.

मधल्या झोपडीत फुलवंता आणि तिचा नवरा झिंगरू राहायचे. त्यांची एकुलती एक लेक सगुणी, पलीकडे दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आठव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं. फुलवंताच्या मनात आलं, पोर येतेय, तिला हिरवी साडी हवी, तूप हवं, डिंकाचे लाडू हवेत. आणि घरात तर आमटीला फोडणी नाही! मग तिनं काय केलं? एका दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, उतारातली काठवटभर वाळू धुतली. एकच काठवट. पण चूक ती चूक.

तळाशी काय निघालं? चिंचोक्याएवढं सोनं!

मग ती गेली बाजारगावच्या सोनाराकडे. सोनारानं चिंचोका उलटापालटा केला. म्हणाला, "कुठं मिळालं गं बाई?" सोनझरे वाळूच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाहीत. तिनं सांगून टाकलं, "उतारात." साडी घेतली, तूप घेतलं आणि हसतमुखानं घरी आली. तिला वाटलं, झालं आपलं काम.

झालं कसलं डोंबल! तिसऱ्या दिवशी तीन माणसं आली, फावडी घेऊन. आठवड्यानं तीस आली. महिन्यानं तीनशे. मग भजीवाल्याची कढई आली, न्हावी आला, फावडी घडवणारा लोहार आला. भांडणं व्हायला लागली, म्हणून पंच आले. काल जिथं रान होतं तिथं आज गल्ली. सोनं कुणाला मिळालं, कुणाला नाही, पण लोहाराची बायको मात्र दर आठवड्याला नवं लुगडं नेसायला लागली.

गाव फुगलं हो. पण काढलेली वाळू परत कोण टाकतो? काठावर ढीगच्या ढीग. सगळ्यांत आधी आलेला डोमा नावाचा एक दांडगा गडी होता. त्याचा ढीग तर ताडाएवढा.

आणि उतार हळूहळू खोल व्हायला लागला. मला तर सांगतानाच धाकधूक होते बाई.

पहिल्यांदा फुलवंता पाण्यात उतरली, तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं. आणि नदी बोलली. हो, खरंच बोलली! "फुलवंते, माझा पाय सुटतोय गं." फुलवंता घाबरली. पण कुणाला सांगितलं नाही. सांगायचं, तर पहिली काठवट कुणाची, तेही सांगावं लागलं असतं ना.

दुसऱ्यांदा उतरली, तर पाणी कंबरेला. नदी म्हणाली, "फुलवंते, माझी वाळू मला दे." मग ती डोमाकडे गेली. "दादा, वाळू आत टाका. माझी लेक पलीकडून यायचीय." डोमा हसला. सोनाराकडून त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "तुझा चिंचोका निघाला तो चालला, आमचा नको निघायला?" ती मान खाली घालून परतली.

तिसऱ्यांदा गेली, तर उतरताच येईना. दोन पुरुष पाणी. मध्ये भोवरा. कुणी तरी नाव आणली, ती गरगर फिरून पालथी झाली. माणसं पोहून आली म्हणून वाचली. आणि या खेपेला नदी एक शब्द बोलली नाही. नुसती घोंघावत राहिली. तेच जास्त वाईट, बरं का.

मग व्हायचं तेच झालं. पलीकडे तांदळाच्या गाड्या अडून राहिल्या, अलीकडे कढई पालथी. तीनशे तोंडं आणि खायला काही नाही. सोनं काय शिजवून खायचं?

आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर आणखी एक गाडी येऊन थांबली. सगुणीची. आज पाणी ओसरेल, उद्या ओसरेल असं सासरे म्हणत राहिले आणि आठवा सरून नववा लागला होता. सगुणी गाडीतून उतरली आणि चाक धरून खालीच बसली. कळा सुरू झाल्या होत्या. मागचं गाव तीन कोस. आजूबाजूला सगळे गाडीवान, बाईमाणूस एक नाही. फुलवंता अलीकडून बघतेय, हाका मारतेय, आणि मध्ये हे एवढं पाणी. कसं वाटलं असेल तिला? माझ्यानं तर सांगवत नाही.

मग ती धावली. काठवट घेतली, ढिगातली वाळू भरली, नदीत टाकली. पुन्हा भरली, पुन्हा टाकली. लोक बघायला लागले. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "पहिली काठवट माझी होती! मला काय शिक्षा करायची ती करा, पण आधी वाळू टाका!" झिंगरूनं तिच्याकडे पाहिलं. आणि फावडं उचललं. लोक उपाशी होते, पलीकडे तांदूळ दिसत होता. तेही लागले कामाला. ढीग उतरले, पण वाळू तळाला टिकेना. टाकली की वाहून जाई.

तेव्हा नदी बोलली. सगळ्यांना ऐकू आलं. "जड ते तुम्ही ठेवून घेतलंत, हलकं मला देता? हलकं माझ्यापाशी राहत नाही."

ज्याचा त्याचा हात कमरेच्या सोन्याच्या पिशवीवर. फुलवंतानं पदर पसरला, पण तिच्याकडे स्वतःचं टाकायला गुंजभरसुद्धा नव्हतं. ते साडीत नि तुपात गेलं होतं.

तेवढ्यात पलीकडून सगुणीची किंकाळी आली.

डोमाचा चेहरा पडला. "माझी बायकोपण अशीच आहे घरी," तो म्हणाला. "नववा लागला असेल तिला." आणि त्यानं कमरेची पिशवी सोडून भिरकावली. जिथं सोनं बुडालं तिथं वाळू थांबली! पाऊलभर जागा झाली. मग दुसऱ्यानं टाकलं, मग तिसऱ्यानं. सगळ्यांनी टाकलं असं नाही हं, खोटं कशाला सांगू? लोहाराच्या बायकोनं लपवलंच. पण एक माणूस जाईल एवढी वाट झाली.

फुलवंता अलीकडून पळत सुटली. सासऱ्यांच्या आधारानं सगुणी पलीकडून निघाली. दोघी भेटल्या भर मध्यावर. तिथून पुढं सगुणीला एक पाऊल टाकवेना. अलीकडच्या बायका धावल्या, लुगड्यांचा आडोसा केला, आणि नदीच्या मधोमध, ओल्या वाळूवर, मुलगी झाली. टॅहां करून रडली. दोन्ही काठांना ऐकू गेलं.

मग काय, तांदूळ आला. मोठमोठी पातेली चढली. फुलवंताला शिक्षा करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. डोमा शेरभर तांदूळ फडक्यात बांधून त्याच दिवशी आपल्या घरी निघाला. काहीजण दुसऱ्या नदीला सोनं आहे असं ऐकून तिकडे पळाले. राहिले त्यांनी शेतं केली, दुकानं मांडली. दोन्ही काठांचं मिळून एक गाव झालं, मोठं, बाजाराचं.

आणि सोनं? तिथंच आहे की. कुठं आहे ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण कुणी उकरत नाही. त्यावरून तांदूळ येतो, आणि लेकी माहेरी येतात.

पमे, हुंकार थांबला गं तुझा? झोपली वाटतं. दिगू, तूही मीट डोळे. गोष्ट सुखरूप पलीकडे उतरली, ते सगळे सुखानं राहिले, आता तुम्ही निजा.