मानाची टोपी आणि केरबाचे केस

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे तुमच्या पणज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट. आंबेकुरणात केरबा वारीक नावाचा न्हावी राहायचा. साऱ्या गावाची डोकी भादरणारा हा गडी, पण स्वतःचे केस असे की मोकळे सोडले तर चिमण्या वस्तीला येत. असं म्हणतात. मी मोजल्या नाहीत.

त्या गावात भैरोबाची जरीची, बंद लावलेली टोपी होती. जत्रेच्या दिवशी प्रत्येक पोरानं ती घालून देवाला डोकं टेकवायचं आणि लगेच पुढच्याच्या डोक्यावर चढवायची. टोपी धुवायची मात्र नाही. धुतली की गावाची बरकत वाहून जाते, असा दंडक. सात पिढ्यांचं तेल आणि घाम पिऊन ती इतकी ताठ झाली होती की खाली ठेवली तर आपल्या पायांनी देवळात जाईल.

एका वर्षी जत्रेनंतर पोरांच्या डोक्यात चाई पडली. रुपयाएवढे गोल चट्टे, त्यावर कोंडा, केस मुळाशी तुटलेले आणि खाज तर विचारू नका. तुम्ही लगेच खाजवायला लागू नका, बसा नीट. कुणी म्हणालं, किडा केस खातो. कुणी म्हणालं, देव कोपला. शेवटी बोट केरबाकडे वळलं, कारण डोक्याला हात तोच लावायचा.

रखमाजी पाटील चावडीवर म्हणाले, "केरबा, तुझा हात वाईट. पुनवेला गाव सोड."

"पाटील, वस्तऱ्याचा दोष कबूल," केरबा म्हणाला. "चट्टेवाल्या पोरांवर फिरवला आणि तसाच सोनबा तेल्यावर फिरवला. आता त्यालाही उठलंय. पण पोरांना आधी कुठून आलं? जत्रेला जी मामाकडं गेली होती, त्यांची डोकी साफ आहेत. आजार टोपीत आहे."

"देवाच्या टोपीत? जीभ झडेल तुझी."

"मग मलाच द्या. पुनवेपर्यंत उतरवत नाही. माझ्या डोक्याला काही झालं नाही, तर निघालो मी."

घरी बायको हौसा म्हणाली, "त्या केसांकडं बघून होय म्हणाले होते मी. ते गेले तर तुमच्यात राहिलं काय?"

"गाव राहील की."

"गावाशी नाही लग्न लावलं मी," ती म्हणाली आणि टोपीचे बंद तिनंच घट्ट बांधले.

केरबा पारावर बसून राहिला. दहा दिवस काहीच होईना. येणारेजाणारे विचारत, "काय केरबा, सामान बांधलं का?" हौसानं खरंच गाठोडं बांधलं. अकराव्या दिवशी केरबानं कानामागं हात नेला. इतक्या आनंदानं डोकं खाजवणारा माणूस गावानं पाहिला नव्हता.

पुनवेला बंद सोडले, तर टोपीबरोबर केसही आले. असं म्हणतात, ते ओढ्यातून वाहत खालच्या गावी गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांचा मोटेचा नाडा वळला. पाटलांनी स्वतः कढईखाली जाळ घातला. टोपी, वस्तरा, फण्या, सगळं उकळलं. पाणी इतकं काळं निघालं की कुलकर्णी शाई म्हणून घागर भरून घेऊन गेला. भैरोबा काही रागावला नाही. उलट त्याच्या कपाळावरची आठी गेली म्हणतात.

आता शिकलेले सांगतात, ती बुरशी असते, शिळ्या भाकरीवर चढते तशातली. घामाओलाव्यात वाढते, फणी, टोपी, वस्तऱ्यातून दुसऱ्याकडं जाते, गोठ्यातल्या वासरावरूनही येते. केरबाला हे नाव ठाऊक नव्हतं. त्याचे केस परत आले का? कुणी म्हणतं गुडघ्यापर्यंत आले. हौसाच्या माहेरचे म्हणतात, तीनच आले आणि ती त्या तिघांना रोज तेल लावायची.

आंबेकुरणात आजही जत्रेला प्रत्येक पोर स्वतःची टोपी आणतं आणि न्हावी साऱ्यांसमोर वस्तरा उकळल्याशिवाय हजामतीला बसत नाही. कुणाच्या डोक्यात चट्टा उठला तर त्याला तालुक्याला डॉक्टरकडं नेतात आणि महिना-दीड महिना गोळ्या चुकू देत नाहीत. त्याला कुणी हिणवत नाही. उलट देवाला पहिलं डोकं तेच पोर टेकवतं. पुजारी विचारतो, "कुणाचा रे तू?"

पोर पाटलांचं असो की तेल्याचं, त्यानं म्हणायचं, "केरबाचा."