मिरीचा गूळ आणि ओट्याची फरशी

एक होती मुंगी. एवढीश्शी! तिचं नाव मिरी. ती राहायची केतकीच्या स्वयंपाकघरात.

केतकीच्या घरी काय चाललं होतं? नवा ओटा करायचा होता! जुना ओटा फोडला. धाड धाड धाड! सगळीकडे नुसती धूळ. डबे पलंगावर, कढया सोफ्यावर. बाई गं, काय हा पसारा!

मिरीला मिळाला गुळाचा खडा. घरी बाळं भुकेली. मिरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. आणि खडा निसटला. टप्! गेला फटीत. तेवढ्यात गवंडीदादानं ओट्याची मोठ्ठी काळी फरशी आणली. ठेवली त्याच फटीवर. धप्प!

"अगं आई गं! माझा गूळ!"

मिरी फरशीवर चढली. उतरली. परत चढली. बाळं भुकेली, मग एका जागी कसं बसवेल?

मिरी गेली गवंडीदादाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"गवंडीदादा, गवंडीदादा, फरशी उचल. माझा गूळ मिळेना!"

"उगाच कशी उचलू? केवढी जड आहे! सुतारमामा माप घेईल, मग उचलीन."

मिरी गेली सुतारमामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"सुतारमामा, सुतारमामा, माप घे. गवंडी फरशी उचलेना, माझा गूळ मिळेना!"

"कशाचं माप घेऊ? बेसिन कुठे, तेच नाही ठरलं! केतकीची आई सांगेल, मग घेईन."

मिरी गेली आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"केतकीची आई, केतकीची आई, बेसिन कुठे ते सांग. सुतार माप घेईना, गवंडी फरशी उचलेना, माझा गूळ मिळेना!"

आई खिडकीशी गेली. दाराशी गेली. परत खिडकीशी आली.

"इथे? नको. तिथे? छे! ओटा किती उंच ते आजी ठरवेल, मग सांगेन."

मिरी गेली आजीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"आजी, आजी, ओट्याची उंची ठरव. आई बेसिन सांगेना, सुतार माप घेईना, गवंडी फरशी उचलेना, माझा गूळ मिळेना!"

"अगं, सकाळपासून चहा नाही मला! डोकं चालेल का? शेगडी पेटेल, चहा होईल, मग ठरवेन."

मिरी गेली शेगडीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. शेगडी बसली होती खोक्यात, गाल फुगवून.

"शेगडीताई, शेगडीताई, पेट गं. आजी उंची ठरवेना, आई बेसिन सांगेना, सुतार माप घेईना, गवंडी फरशी उचलेना, माझा गूळ मिळेना!"

"पेटू? कुठे बसून पेटू? माझा ओटाच फोडलाय! गवंडी फरशी उचलेल, नवा ओटा करेल, मग पेटेन."

मिरी निघाली गवंडीकडे. तुरुतुरु तुरु... आणि थांबली.

"गवंडी म्हणतो सुतार. सुतार म्हणतो आई. आई म्हणते आजी. आजी म्हणते शेगडी. आणि शेगडी म्हणते गवंडी! अगं बाई, ही तर नुसती फुगडी! गोल गोल गोल गोल! आणि माझी बाळं उपाशी!"

मिरी चिडली. काळी मिरी लालबुंद झाली! आली परत शेगडीकडे. तुरुतुरुतुरुतुरु!

"शेगडीताई, मला कुठे गं ओटा आहे? मी राहतेच की जमिनीवर! तू पण ये खाली!"

शेगडीनं खाली पाहिलं. "अय्या! खरंच की!"

शेगडी बसली जमिनीवर. आजीनं पेटवली. खट् खट् भप्प! चहा उकळला. आजी प्याली. फुर्र फुर्र!

आजीनं उंची ठरवली. "ओटा माझ्या कमरेइतका!"

आईनं बेसिन सांगितलं. "खिडकीशी! ठरलं म्हणजे ठरलं!"

सुतारानं माप घेतलं. सर्रर्र!

गवंडीनं फरशी उचलली. हेईईशा!

आणि फटीत काय? मिरीचा गूळ!

मिरी धावली. पण गवंडीनं घेतली थापी, घेतलं सिमेंट, आणि निघाला की फट बुजवायला!

"थांब रे!" आजी ओरडली. "शेगडीला जागा ठरली. बेसिनला जागा ठरली. आणि हिला? हिच्यामुळे मला चहा मिळाला, आणि हिच्याच घरची वाट बुजवतोस होय?"

गवंडीदादा हसला. नव्या ओट्याखाली, कोपऱ्यात, त्यानं ठेवलं एक भोक. एवढंस्सं. मिरीएवढं.

मिरी गूळ घेऊन आत गेली. तुरुतुरु तुरुतुरु. बाळं धावत आली. चुटूचुटू चुटूचुटू!

आणि मिरी? मिरी एका जागी बसली. अगदी गप्प बसली.

गूळ गेला पोटात, गोष्ट उरली ओठात!