दौलत शिंप्याची फुंकर

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव दौलत. आता भोळा म्हणजे किती भोळा? आई म्हणाली, "दौल्या, दुधाकडे बघ," की हा बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. मग हा जाऊन सांगायचा, "आई, बघितलं. अगदी शेवटपर्यंत बघितलं."

मशीनवर वाकून वाकून दौलतची मान तीन वर्षं दुखत होती. नुसती दुखत नव्हती, डावीकडे कललीच होती. नवख्या माणसाला वाटायचं, हा कुणाचं तरी चोरून ऐकतोय.

आणि नेमकं तेव्हाच सरपंचांनी त्याच्यासाठी स्थळ आणलं. मुलगी नंदा. दौलतने तिला एकदाच बघितलं आणि दुकानात येऊन एका सदऱ्याला तीन बाह्या लावल्या. इतकी आवडली!

पण नंदाचे वडील किसनराव, कापडाचे व्यापारी, एकदम कडक. म्हणाले, "मुलगा चांगलाय हो. पण बोहल्यावर वाकडी मान? फोटोत काय दिसेल? महिन्याभरात सरळ झाली तर साखरपुडा. नाहीतर रामराम!"

झालं. दौलत पळत पळत तालुक्याला गेला. तिथे फिजिओथेरपीवाल्या मृणाल मॅडम होत्या. त्यांनी मान बघितली, खांदे बघितले.

"दौलत, तू श्वास वरवर घेतोस. दर श्वासाला खांदे वर! मग त्या बिचाऱ्या मानेवर किती ताण येतो! हात पोटावर ठेव. नाकाने श्वास आत, चार अंक मोजून. पोट फुगू दे. मग तोंडाने हळूहळू बाहेर, सहा अंक. खांदे हलायला नकोत. आणि कामातसुद्धा विसरायचं नाही."

"कामातसुद्धा?"

"कामातसुद्धा!"

दुसऱ्या दिवशी सरपंच दुकानात आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, त्यासाठी सफारी शिवायची होती. दौलतने टेप काढली.

"आबा, हात पोटावर ठेवा."

"का रे?"

"श्वास घ्या. नाकाने. पोट फुगू दे. अजून. अजून फुगू दे, लाजू नका."

आबांचं पोट मुळातच भरदार. ते फुगलं, आणि दौलतने माप घेतलं.

सव्वीस जानेवारीला आबा झेंड्याखाली उभे राहिले. वारा सुटला. झेंडा फडकायच्या आधी सफारी फडकली. शाळेची पोरं राष्ट्रगीत संपेपर्यंत ओठ चावत उभी.

आबा तसेच दुकानात आले. "अरे शहाण्या, माप घेताना श्वास सोडलेला असावा! भरलेला नाही!"

"बरं आबा," दौलत म्हणाला. "सोडलेला." आणि अगदी मनात कोरून ठेवलं.

दोन दिवसांनी सरपंचीणबाई आल्या. हळदीकुंकवासाठी ब्लाउज हवा होता. मापाला जुना ब्लाउज घेऊन आल्या होत्या.

दौलत म्हणाला, "काकी, जुन्या ब्लाउजला श्वास सोडता येत नाही. तुम्हालाच सोडावा लागेल."

"अगं बाई, असं असतं का?"

"आबांनीच सांगितलंय."

आबांनी सांगितलंय म्हटल्यावर काकींनी सोडला. "अजून सोडा काकी. तळापासून. चार... पाच... सहा." काकी निळ्या पडायला आल्या, तेव्हा कुठे टेप लागली.

हळदीकुंकवाच्या दिवशी ब्लाउज अंगात शिरला खरा, पण काकींनी पहिल्या बाईला कुंकू लावताना श्वास घेतला आणि पहिला हुक तिळगुळाच्या डब्यात. दुसरा अत्तरदाणीत. तिसरा अजून सापडला नाही म्हणे!

काकी शाल पांघरून दुकानात आल्या. "मेल्या, माणसाने श्वास घ्यायचाच नाही का?"

"घ्यायचा ना काकी," दौलत म्हणाला. "चार अंक."

पण एक गोष्ट मानायला हवी. मान हळूहळू सरळ होत होती! मॅडम खूश झाल्या. पुढचा धडा दिला.

"आता समोर मेणबत्ती लाव. श्वास सोडताना तिच्यावर हळूच फुंकर. ज्योत हलली पाहिजे, पण विझता कामा नये. समजलं?"

"हलली पाहिजे. विझता कामा नये."

"शाब्बास!"

त्याच आठवड्यात सरपंचांच्या नातीचा, ओवीचा, वाढदिवस. तीन वर्षांची पोर, तिला काही फुंकता येईना. ती दौलतचा हात ओढून म्हणाली, "मामा, तू मार ना फू."

दौलत केकसमोर बसला. खांदे सैल. नाकाने आत. तोंडाने बाहेर, सहा अंक. ज्योती नुसत्या डुलल्या. पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच ठेवले. दौलतने परत श्वास घेतला. परत ज्योती डुलल्या. असं दहा वेळा! तिन्ही मेणबत्त्या वितळून केकवर बसल्या. ओवीने गळा काढला.

आबा ओरडले, "अरे खुळ्या! समोर अशी ज्योत आली की जोरात फुंकर मारून विझवायची! आणि टाळ्या वाजवायच्या!"

"बरं आबा. फुंकर. मग टाळ्या."

महिना भरला. दौलत, त्याची आई, आबा आणि काकी असे सगळे नंदाच्या घरी गेले. आई वाटेत दहा वेळा म्हणाली, "दौल्या, आज काही घोळ घालू नकोस रे बाबा." दौलत अंक मोजत होता.

दौलत पाटावर बसला. मान सरळ! एकदम ओळंब्यात! दारातून नंदाने बघितलं आणि गालात हसली. नंदाची आई ताट घेऊन पुढे आली, निरांजन लावलेलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि औक्षण करायला ताट दौलतच्या तोंडासमोर आणलं.

समोर ज्योत.

दौलतने पोटभर श्वास घेतला आणि हाणली फुंकर. निरांजन विझलं. वर कुंकू उडून नंदाच्या आईच्या नाकावर. आणि सगळं घर गप्प असताना हा एकटा टाळ्या वाजवतोय!

"अगं बाई!" नंदाची आई मटकन खाली बसली.

दौलतच्या आईने कपाळावर हात मारला. "कार्ट्या, औक्षणाचा दिवा कधी विझवतात का? काही झालं तरी विझवायचा नाही! काही म्हणजे काही झालं तरी!"

"विझवायचा नाही," दौलत म्हणाला.

आबांनी हातापाया पडून सगळ्यांना शांत केलं. निरांजन परत लावलं. किसनराव मात्र पेटले होते. "ते राहू दे! आधी मला मान बघू दे." आणि ते दौलतची मान जवळून बघायला ताटावरून वाकले. ह्या बाजूने बघितलं. त्या बाजूने बघितलं. बघता बघता त्यांच्या फेट्याचा लांब शेमला निरांजनात पडला.

शेमल्याने पेट घेतला.

"विझव! विझव!" सगळे ओरडले. सगळ्यात जवळ दौलतच होता.

दौलतने खांदे सैल सोडले. नाकाने श्वास घेतला, चार अंक. मग हळूच, प्रेमाने फुंकर मारली, सहा अंक. ज्योत हलली. विझली नाही. दौलतने परत श्वास घेतला.

तेवढ्यात नंदा आतून कळशी घेऊन धावत आली आणि अख्खी कळशी वडिलांवर ओतली.

किसनराव निथळत उभे. फेट्यातून धूर, जाकिटाचा खांदा जळलेला. "अरे... अरे, विझवलं का नाहीस?"

"औक्षणाचा दिवा होता ना," दौलत म्हणाला. "पण बघितलंत का? खांदे जरासुद्धा हलले नाहीत!"

किसनराव थरथरायला लागले. नंदाने पदर तोंडात कोंबला होता. हसू आवरून ती म्हणाली, "बाबा, तुमची अट काय होती? मान सरळ आहे की नाही, तेवढंच सांगा."

किसनरावांनी दौलतकडे बघितलं. शब्द म्हणजे शब्द. "सरळ आहे," ते कसेबसे म्हणाले. "पण माझं जाकीट?"

दौलतचा चेहरा उजळला. त्याने खिशातून टेप काढली. "मामा, नवं शिवून देतो की! उभे राहा. हात पोटावर ठेवा. आता श्वास घ्या..."

"घेऊ नका!" मागून आबा ओरडले.

"सोडूही नका!" काकी ओरडल्या.