गाळ आणि मूठ

"...आणि इथे नसेल, तर मग कुठे असेल, महाराज?"

उद्धव खरवंडीकर कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते. हिमालयातल्या दोन रांगांमध्ये दबलेल्या त्या सपाट खोऱ्याच्या भूस्तरांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. वरच्या घळीतला पूल पुरात वाहून गेला, तेव्हा त्यांचा मुलगा निहार त्या पुलावर होता. घळीतून सुटलेली नदी आपले ओझे प्रथम कुठे टाकते, हे उद्धवरावांना ठाऊक होते. म्हणून ते घळीच्या तोंडाशी, उताराच्या अगदी पायथ्याला खणत होते.

त्या खोऱ्याचा रिवाज निराळा आहे. नदीने नेलेल्या माणसासाठी तिथे कोणी खणत नाही. आप्त नव्या गाळावर एक मूठ माती टाकतात आणि तेवढ्याने अंत्यविधी पुरा झाला, असे मानतात. उद्धवरावांना हा रिवाज माहीत होता. त्यांनी तो नाकारला होता.

खड्ड्याच्या काठावर मठातले वृद्ध धुंडीनाथ बसले होते.

"डोंगर मोजणारा तू, शास्त्रीबुवा. फावडं मात्र नवशिक्यासारखं धरलंस."

"थट्टा नको, महाराज."

"थट्टा कसली? तळहाताचे फोड बघतोय... इथे गाळ किती खोल आहे रे?"

"दोन-तीन किलोमीटर तरी असेल."

नाथांनी खड्ड्याकडे पाहिले.

मग म्हणाले, "डोंगर इतकी युगं झिजतोय. खोरं अजून भरलं कसं नाही?"

उद्धवराव सवयीने सांगू लागले. "दोन्ही रांगा दाबतात, तळ वाकतो. त्यावर गाळाचं वजन. जितकं वरून येतं, तितका तळ खाली खचतो. म्हणून आणखी जागा..."

ते थांबले.

"सांग ना."

"...होत राहते."

"कायमची?"

"नाही. पुढे रांगा आणखी जवळ येतात. याच गाळाचा खडक होतो, त्याला घड्या पडतात, तो वर उचलला जातो. त्या खिंडीत शंख सापडतात ना, तो एके काळी समुद्राचा तळ होता."

"म्हणजे निहारही वर येईल."

"तेव्हा मी नसेन, महाराज."

"हा डोंगरही नसेल."

उद्धवरावांनी फावडे खाली टेकवले.

"त्याची आई रोज फोनवर विचारते, सापडला का? विधी केला, म्हणजे शोध संपला. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

नाथ उठले. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली आणि खड्ड्यावर हात धरला.

उद्धवरावांनी झेप घेऊन त्यांचे मनगट पकडले.

"नका टाकू! पाया पडतो... टाकलीत, तर तो गेला."

मूठ तशीच अधांतरी राहिली. म्हाताऱ्याने ती उघडली नाही.

इतक्यात वरच्या उतारावर काहीतरी सरकले. बारीक खडी आणि भुसभुशीत माती घरंगळत आली. काठावरून उद्धवरावांच्या अंगावर, मग त्यांच्या पायांशी पडली. थोडी थांबली. पुन्हा येऊ लागली.

धुंडीनाथांनी मूठ मागे घेतली.

"बरं बाबा. मी थांबतो... तू डोंगराला थांबव."