लिंबोणीवरचे पाहुणे

एका राज्यात मेघधवल राजा राज्य करीत होता. राजा भला, प्रजा सुखी. पण राजाला एक खोड होती. फुलपाखरू दिसले की धरायचे, टाचणीने फळीवर टोचायचे आणि महालाच्या भिंतीवर टांगायचे. भिंती भरल्या, राने ओस पडली. भाटांनी या पराक्रमाचेही पवाडे रचले. भाटांना काय, ते कशाचेही रचतात.

रानात पाकोळी नावाची मायावी म्हातारी राहत असे. ती दरबारात आली. भिंतीवर शेवटची निळी जोडी पाहून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "राजा, माझी लेकरे निश्चल झाली, तशी तुझी लेक होवो."

राजकन्या हेमवल्ली तेव्हा बागेत, स्वतः लावलेल्या लिंबोणीपाशी होती. ती तिथेच, हात पुढे करून थिजली. श्वास चालू, पण पापणी लवेना. वैद्य, मांत्रिक आले आणि हात हलवीत परत गेले. राजाच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा कुंपणावरची साळुंकी बोलली, "फुलपाखरू आपण होऊन तिच्या हातावर बसेल, तेव्हा शाप सुटेल. धरून आणलेले चालायचे नाही."

राज्यात एकही उरले नाही, असे राजाने सांगितले. सीमेपलीकडून येतील, आधी त्यांच्याजोगे घर कर, असे म्हणून साळुंकीने तीन कामे नेमून दिली.

पहिले, फुलपाखरे धरायची जाळी नि टोचायच्या फळ्या जाळणे. राजाने सारे लगेच जाळले. दुसरे, महालापुढची हिरवळ न कापणे. तिथे रुई वाढली, टाकळा माजला, परराज्याचे वकील नाके मुरडू लागले. राजाने विळा लावू दिला नाही. फुलपाखरे आली, पण राजकन्येच्या हातावर एकही बसेना.

तिसरे काम होते लिंबोणीवर जे येईल त्याला न दुखवणे. लेक हलत नव्हती, तिची लिंबोणी तेवढी वाढत होती. राजा रोज त्या झाडाशीच बोलायचा. एके सकाळी पानांवर पाखरांच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. ते चालू लागले. अळ्या होत्या त्या. खाऊन खाऊन हिरव्यागार फुगल्या आणि फांद्या बोडक्या करू लागल्या. राजाने माळ्याला अडवले, पण शेवटी राजाचा स्वतःचाच हात पुढे गेला. बोटांत अळी आली.

"साळुंके, झाड मरेल."

"मरेलही. मलाही अळ्या फार आवडतात, राजा. मी खात नाही. तू चिरडू नकोस."

राजाला रडू कोसळले. त्याने अळी परत पानावर ठेवली.

शेवटचे पान गेले. अळ्यांचे कोश झाले. पुढे एक कोश उकलला आणि काळ्या पंखांवर निळी झाक असलेले फुलपाखरू बाहेर आले. पंख वाळवून ते उडाले, बागेला वळसा घालून हेमवल्लीच्या तळहातावर बसले.

पापणी लवली. राजा तिला कवटाळायला धावला.

"बाबा, हलू नका," राजकन्या हळूच म्हणाली. "उडेल ते."

राजा होता तिथेच थबकला. डोळ्यांतून धारा लागल्या, त्या पुसायलाही त्याने हात उचलला नाही. फुलपाखरू आपल्या मनाने उडून गेले, आणि मगच त्याने लेकीला जवळ घेतले.