गेनू मास्तरांची हजेरी

एका गावात एक भोळा मास्तर होता. गेनू त्याचं नाव. तो बारावी झाला होता. कसा झाला ते देव जाणे. गावच्या शाळेतले गुरुजी बदलून गेले, नवे कुणी येईनात, आणि ढोबळेबाई एकट्या पडल्या. म्हणून गावाने गेनूला त्यांच्या मदतीला दिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी कशी होती, ते आता ऐका.

शाळेवर मोठं संकट होतं. पोरं एकेक करून पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली होती. वरून हुकूम आला होता, की पट वीसच्या खाली असेल तर शाळा बंद. मग चिल्ल्यापिल्ल्यांनी ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. आणि शाळेत पोरं होती अठरा. बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गेनूच्या उतरत होता.

पहिल्या दिवशी गेनूने पुस्तकातला धडा वाचून दाखवला. निम्मी पोरं झोपली. बाई म्हणाल्या, "अरे गेनू, नुसतं वाचून काय होतं? ज्याचा धडा, ती वस्तू मुलांच्या हातात द्यावी. हाताळलं की मुलं शिकतात."

"बरं बाई. ध्यानात ठिवतो."

दुसऱ्या दिवशी धडा होता मधमाशीचा. गेनूने बाभळीवरचं अख्खं पोळं उतरवलं आणि पोरांच्या हातात दिलं. अठराच्या अठरा तोंडं पुरीसारखी टम्म फुगली. तो धडा मात्र पोरांना अजून पाठ आहे.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, टोचणारं काही दिसलं की पोरांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि धूर करायचा!"

"बरं बाई. ध्यानात ठिवतो."

पुढच्या आठवड्यात लस द्यायला नर्सबाई आल्या. त्यांनी पेटी उघडून सुई काढली. गेनूने सुई पाहिली मात्र, पोरांना भराभर बाहेर काढलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि खिडकीतून ओल्या पाल्याचा धूर सोडला. पोरांनी 'गेनू मास्तर की जय' म्हणून गाव डोक्यावर घेतलं. ढोबळेबाईंनी धावत येऊन कडी काढली, तेव्हा नर्सबाई खोकत खोकत बाहेर आल्या आणि पेटी न घेताच निघून गेल्या.

"अरे गाढवा, त्या पाहुण्या होत्या! शाळेत कुणी आलं की खुर्ची द्यावी, हार घालावा, हातात नारळ द्यावा, 'दोन शब्द बोला' म्हणावं!"

"बरं बाई. ध्यानात ठिवतो."

त्यानंतर आला सरपंचांचा बोकड. गेनूने त्याला खुर्चीवर चढवला, हार घातला, पुढ्यात नारळ ठेवला आणि हात जोडले. "दोन शब्द बोला." बोकड बोलला, आणि दोनच बोलला. सरपंचांना स्वतःला हे कधी जमलं नव्हतं. मग त्याने हार खाल्ला. हारानंतर भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता खाल्ला, अ पासून ज्ञ पर्यंत. मुळाक्षरं एवढ्या लवकर त्या शाळेत कुणीच संपवली नव्हती.

बाईंना हसावं की रडावं कळेना. "गेनू, बाबा रे, पटावर ज्याचं नाव नाही त्याला वर्गात घ्यायचंच नाही!"

"बरं बाई. ध्यानात ठिवतो."

मग गावाच्या शिवारात धनगरांची मेंढरं बसली. त्यांच्यातली बाणू नावाची पोर शाळेच्या दाराशी आली आणि मुलांचं ऐकून खडे मोजत बसली. गेनूने पट पाहिला. नाव नव्हतं. त्याने तिला हाकलून दिली. पोर रडत गेली.

या वेळी बाई खरोखर संतापल्या. "लाज वाटत नाही तुला? शिकायला बसला तो आपला विद्यार्थी! कुठला, कुणाचा, केवढा, काही विचारायचं नाही. अडला तर उत्तर सांगायचं नाही. चिंचोके द्यायचे आणि त्याचं त्याला शोधू द्यायचं. चुकला तर टाळ्या वाजवून 'शाब्बास, पुन्हा कर' म्हणायचं. आणि नाव पटावर घालायचं!"

"बरं बाई," गेनू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. तो पळत जाऊन बाणूला घेऊन आला. पट झाला एकोणीस.

आणि तपासणीला तालुक्याचे साहेब आले. खुर्चीचा पाय बोकडाने मोडला होता, म्हणून साहेब पोरांतच सतरंजीवर टेकले आणि त्यांनी विचारलं, "सांगा, सतरा साते किती?"

पोरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गेनू ओरडला, "कुणी सांगायचं न्हाई! सायेब अडल्यात. त्यांचं त्यांना शोधू द्या." आणि त्याने साहेबांपुढे चिंचोक्यांचा ढीग ओतला.

"अहो, मला येतं!" साहेब चिडून म्हणाले. "एकशे एकवीस!"

उत्तर दोनाने चुकलं. मग सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! पुन्हा कर!"

साहेबांचे कान लाल झाले. याच पाढ्यासाठी लहानपणी त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि हळूच चिंचोके पुढे ओढले. बाणू साताचे ढीग लावून देऊ लागली. थोड्या वेळाने साहेब ओरडले, "एकशे एकोणीस!" आणि पोरांबरोबर स्वतःच टाळ्या वाजवू लागले.

पण हुकूम तो हुकूम. साहेबांनी जड मनाने पेन काढलं. "बाई, पोरं गुणी आहेत हो. पण एक कमी आहे." बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

गेनूची हजेरी घ्यायची वेळ झाली होती. त्याने एकेक नाव घेतलं.

"एकोणीस, बाणू."

"हजर!"

"वीस, सायेब."

"हजर," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. पेन थांबलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग 'पट वीस' लिहून सही ठोकली आणि मागे न बघता गाडीत बसले.

बाई आनंदाने रडायच्याच बाकी राहिल्या. "गेनू, आता एकही मूल गैरहजर राहता कामा नये. कुणी आलं नाही तर असेल तिथे जा आणि हाताला धरून आण!"

"बरं बाई. ध्यानात ठिवतो."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. एकोणीस हजर. गेनू पायताण घालून तडक तालुक्याला निघाला.

तिथे मोठी सभा भरली होती. जिल्ह्याचे मोठे साहेब टेबलावर मूठ आपटून सांगत होते, "एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये!" गेनूला ते फार पटलं. त्याने पुढे होऊन आपल्या साहेबांचा हात धरला.

"कोण रे तू?" मोठे साहेब गरजले.

"मी मास्तर. तुमचं नाव कंच्या साळंत हाय?"

"माझं? माझं कशाला असेल कुठल्या शाळेत?"

गेनूला भडभडून आलं.

दुपारी ढोबळेबाई शाळेच्या दारात येऊन बघतात, तर गेनूच्या एका हातात तालुक्याचे साहेब आणि दुसऱ्या हातात जिल्ह्याचे.

"बाई," गेनू म्हणाला, "दांडी मारली हुती त्यो आणला. आन् त्याच्या शेजारी ह्यो घावला. येवढा थोराड झाला, पर ह्येचं नाव अजून कुठल्याच साळंत न्हाई!"